केस गळतायत म्हणून औषध चालू केलं, आणि आता जास्तच गळतायत?

दर महिन्याला आमच्या मेडिकलवर असा एक तरी पोरगा येतोच. गर्दी कमी होईपर्यंत बाहेर गाडीवर बसून राहतो, मग आत येतो, खिशातून मिनॉक्सिडिल या डोक्याला लावायच्या औषधाची अर्धी बाटली काढतो आणि हळू आवाजात विचारतो, "ताई, हे लावायला लागल्यापासून लईच गळायला लागलेत ओ, बंद करू का?" किती दिवस झाले विचारलं की उत्तर ठरलेलं, सव्वा महिना, दीड महिना. माझा जीव तुटतो अशा वेळी, कारण बऱ्याचदा ज्या आठवड्यात तो बाटली फेकायला निघालेला असतो त्याच आठवड्यात औषध मुळाशी कामाला लागलेलं असतं, आणि हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं, ना दुकानदाराने, ना ज्या रीलवर बघून त्याने ते घेतलं त्या रीलवाल्याने.

मी फार्मासिस्ट आहे, साताऱ्यात आमचं दुकान आहे, १४ वर्षं काउंटरला उभी आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे कोणी काय घ्यायचं हे मी सांगणार नाही. पण कुठल्या उपचाराकडून काय अपेक्षा ठेवायची आणि किती दिवसांनी ठेवायची एवढं जरी माहीत असलं तरी लोकांचे पैसे वाचतील आणि मनस्तापही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी केस कसा जगतो ते बघू, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. डोक्यावर साधारण १ लाख केस असतात आणि प्रत्येकाचं चक्र वेगळं चालतं. एक केस २ ते ६ वर्षं वाढत राहतो, महिन्याला साधारण १ सेंटीमीटर, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, मग तो जवळपास ३ महिने नुसता मुळाशी अडकून बसतो आणि शेवटी गळतो, आणि त्याच मुळातून नवा केस यायला लागतो. कुठल्याही दिवशी १० टक्क्यांच्या आसपास केस असे अडकून बसलेले असतात, म्हणून रोज ५० ते १०० केस गळणं हे निरोगी माणसाचंही होतं. ज्या बायका आठवड्यातून दोनदाच न्हातात त्यांना तीन-चार दिवसांचे साठलेले केस एकदम बाथरूमच्या जाळीत दिसतात आणि पोटात गोळा येतो, पण हिशोब केला तर ते बऱ्याचदा नॉर्मलच असतात.

यातून दोन गोष्टी निघतात. आज जो केस हातात आलाय त्याचं जायचं दोन-तीन महिन्यांपूर्वीच ठरलं होतं, आज सकाळच्या शाम्पूने किंवा परवाच्या बोअरच्या पाण्याने नाही. आणि आज औषध चालू केलं तर त्याचा परिणाम डोळ्यांना दिसायला ४ ते ६ महिने लागणार, कारण नवा केस मुळातून निघून दिसण्याइतका लांब व्हायलाच तेवढा वेळ लागतो. जगातलं कुठलंही औषध, कितीही महाग, हा वेळ कमी करू शकत नाही. १५ दिवसांत रिझल्ट असं जो म्हणतो त्याला केस कसा वाढतो तेच माहीत नाही किंवा माहीत असून तो खोटं बोलतोय.

आता केसगळती म्हणजे एक आजार नाही, हे फार महत्त्वाचं आहे. चार-पाच वेगळ्या गोष्टींना आपण एकच नाव दिलंय आणि म्हणूनच शेजारणीला जे लागू पडलं ते आपल्याला पडत नाही.

सगळ्यात घाबरवणारी आणि त्यातल्या त्यात निरुपद्रवी ती अशी, डेंग्यू झाला, टायफॉइड झाला, ऑपरेशन झालं, बाळंतपण झालं, नाहीतर कोणी लग्नाआधी दोन महिने नुसत्या सूपवर राहून १० किलो वजन उतरवलं, की त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीमुठीने जायला लागतात. शरीराला धक्का बसला की एकदम खूप केस वाढ थांबवून त्या अडकून बसायच्या टप्प्यात जातात आणि तीन महिन्यांनी एकत्र गळतात. मला २०२१ च्या एप्रिलमध्ये कोविड झाला होता आणि जुलैमध्ये उशी, कंगवा, पोळीचं पीठ, सगळीकडे केस, मला स्वतःला कारण माहीत असूनही मी रात्री रडलेय. माझी आजी म्हणायची, बाळ आईला ओळखायला लागलं की आईचे केस गळतात, आणि बघा ना, बाळ चेहरा ओळखायला लागतं ते तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, म्हणजे आजीचं कारण बरोबर नव्हतं पण तिचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. या प्रकारात मुळं शाबूत असतात, साधारण ६ महिन्यांत गळणं आपोआप कमी होतं आणि केस परत येतात, फक्त लांबी यायला वर्ष-दीड वर्ष जातं.

आणि इथेच तेलांचा सगळा धंदा उभा आहे असं माझं मत आहे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बाई घाबरून कुठलंतरी ६००-८०० रुपयांचं तेल घेते, सातव्या महिन्यात गळणं थांबतं, जे तसंही थांबणारच होतं, आणि ती मनापासून दहा जणींना सांगते की या तेलाने माझे केस वाचले. ती खोटं बोलत नाहीये, तिने खरंच तसं बघितलंय. पण तिचं ऐकून जिला वेगळ्याच कारणाने केस विरळ होतायत ती पण तेच तेल वर्षभर लावत बसते आणि तिचं ते वर्ष वाया जातं.

दुसरी म्हणजे चाई. रुपयाच्या नाण्याएवढा गोल गुळगुळीत डाग, डोक्यात, दाढीत, कधी भुवईत. गावाकडे अजून म्हणतात की किड्याने केस खाल्ले, आणि मग त्यावर लसूण घास, काहीतरी जहाल लेप लाव, कातडी पार भाजून येतात पोरं. किडा वगैरे काही नसतो, आपलीच रोगप्रतिकारशक्ती चुकून केसांच्या मुळांवर हल्ला करते. लहान चट्टे पुष्कळदा वर्षभरात आपोआप भरतात, लवकर भरावेत म्हणून स्किनचे डॉक्टर त्या जागेवर चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने स्टेरॉइडची बारीक इंजेक्शनं देतात. स्टेरॉइड शब्द ऐकून पळून जाऊ नका, ते त्या जागेपुरतं आणि थोड्या डोसचं असतं. ज्यांचं सगळं डोकं जातं त्यांच्यासाठी आता बॅरिसिटिनिबसारख्या गोळ्या आल्यात, अमेरिकेत या आजारासाठी त्याला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली, पण ती रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आहेत, आधी टीबी वगैरे तपासूनच देतात.

तिसरी, जिच्यासाठी बहुतेक बाटल्या विकल्या जातात ती, आनुवंशिक. पुरुषांत कपाळाचे कोपरे मागे जातात आणि टाळूवर चक्र पडतं, बायकांत पुढची रेघ तशीच राहते पण भांग रुंद होत जातो. इथे काय होतं तर शरीरातल्या टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं हार्मोन तयार होतं आणि ज्यांची मुळं जन्मतः त्याला हळवी आहेत ती मुळं दर चक्रागणिक आकसत जातात, म्हणजे आधी जाड केस यायचा, पुढच्या वेळी त्याच मुळातून पातळ, मग आखूड, मग नुसती लव. म्हणजे बघा, हा आजार गळण्यापेक्षा बारीक होण्याचा जास्त आहे, त्यामुळे रोज उशीवरचे केस मोजणारा पोरगा चुकीची गोष्ट मोजत असतो. (बायकांत हार्मोनचा भाग पुरुषांइतका सरळ नाही, पण आकसण्याची गोष्ट तीच.) हे टक्कल कोणाकडून येतं यावर घराघरात भांडणं असतात. डीएचटी जिथे चिकटतं त्या भागाचा जीन आईकडून येतो, त्यामुळे "मामावर गेलाय" यात तथ्य आहे, पण वडिलांकडूनही बरेच जीन येतात, एकट्या मामाला दोष देऊन चालत नाही.

बाकी प्रकार थोडक्यात. घट्ट वेण्या, घट्ट अंबाडा, एक्स्टेन्शन यांनी कानशिलाजवळचे केस ओढून ओढून जातात, लवकर सोडलं तर परत येतात. आणि एक प्रकार असा की तिथली कातडी चकचकीत होते, खाज किंवा आग होते, बारीक छिद्रंही दिसेनाशी होतात, तिथे मुळं कायमची मरतायत, तिथे एक आठवडाही घरगुती प्रयोग करू नका, सरळ स्किनच्या डॉक्टरकडे जा.

कारण आधी शोधायचं हे का म्हणते तर बुलढाण्याचं आठवा. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस तीन-चार दिवसांत जायला लागले, म्हातारी माणसं, कॉलेजच्या मुली, सगळे. आधी पाण्यावर संशय गेला. मग विंचूदंशावरच्या कामासाठी आपल्याला माहीत असलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रक्ताचे आणि रेशनच्या गव्हाचे नमुने तपासून घेतले आणि गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियम या खनिजाकडे बोट दाखवलं. त्या लोकांना कुठलं तेल लावून काय होणार होतं? आणि हेच सेलेनियम केसांच्या कित्येक मल्टिव्हिटॅमिन गोळ्यांत असतं, थोडं असेल तर ठीक, पण दोन-तीन प्रकारच्या गोळ्या एकदम घेणारे लोक मी बघते, त्यांना मी आवर्जून थांबवते, कारण सेलेनियम आणि व्हिटॅमिन ए दोन्ही जास्त झालं की उलट केसच जातात.

त्यामुळे डॉक्टर पहिल्याच भेटीत रक्ताच्या टेस्ट लिहून देतात, हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे लोहाचा साठा), थायरॉइड, बी १२, डी, तेव्हा ते पैसे काढतायत असं समजू नका. आपल्याकडे बायकांमध्ये लोह कमी असणं इतकं आहे की नुसतं ते भरून काढलं तरी फरक पडतो. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस येत असतील तर पीसीओएस, म्हणजे बायकांतल्या हार्मोनच्या बिघाडासाठीही बघतात. बायोटिन मात्र दुकानात सगळ्यात जास्त खपतं आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वाया जातं, कारण त्याची खरी कमतरता फार कमी लोकांना असते. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, बायोटिनच्या मोठ्या डोसमुळे थायरॉइडची टेस्ट चुकीची येऊ शकते, हार्ट अटॅक ओळखायची ट्रोपोनिनची टेस्टसुद्धा, म्हणून घेत असाल तर लॅबमध्ये आणि डॉक्टरांना सांगा.

आता मिनॉक्सिडिल. हे मुळात ब्लड प्रेशरचं औषध, १९७९ मध्ये अमेरिकेत गोळी म्हणून आलं, आणि घेणाऱ्यांच्या अंगभर केस वाढायला लागले, त्यावरून लोशन बनलं आणि १९८८ मध्ये टकलासाठी मंजूर झालं. ते डीएचटीला हात लावत नाही. ते झोपलेल्या मुळांना वाढीच्या टप्प्यात ढकलतं. आणि आता तो दुसऱ्या महिन्याचा प्रश्न समजेल, मूळ नव्या वाढीला लागलं की आधीचा अडकून बसलेला केस बाहेर पडणारच, तो कधीतरी जाणारच होता, तो आता सगळ्यांबरोबर लवकर जातो. साधारण दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात हे होतं, सगळ्यांना होत नाही, झालं तर काही आठवड्यांत थांबतं. थांबलंच नाही, चार महिन्यांनंतरही गळतंय, तर मात्र डॉक्टरला दाखवा, तिथे वेगळं काहीतरी असेल.

लावायची पद्धत पण बहुतेक जण चुकतात. केसांना लावायचं नाही, भांग पाडून कातडीला लावायचं. डोकं कोरडं पाहिजे. १ मिली मोजून, ड्रॉपरवर खूण असते, जास्त लावल्याने जास्त केस येत नाहीत. पुरुषांना सहसा ५ टक्के, दिवसातून दोनदा, बायकांना २ टक्के किंवा ५ टक्क्यांचा फोम एकदा, हे डॉक्टर ठरवतील. लावल्यावर ४ तास तरी धुवू नका आणि लावून लगेच उशीवर आडवे होऊ नका, उशीचं औषध तोंडाला लागतं आणि बायकांना गालावर लव येते. खाज सुटत असेल तर त्यातल्या प्रॉपिलीन ग्लायकॉलमुळे असू शकतं, फोममध्ये सहसा ते नसतं. गरोदर असाल, अंगावर पाजत असाल तर नको. घरात मांजर असेल तर फार जपा, हे औषध मांजरीला विष आहे, बोटं चाटली, उशी चाटली तरी जीव जाऊ शकतो, हे बाटलीसोबत मी प्रत्येकाला सांगते.

अपेक्षा काय ठेवायची? ४ ते ६ महिन्यांत गळणं आटोक्यात, एक वर्षाने खरा निकाल. टाळूवर चांगलं, कपाळाच्या कोपऱ्यांवर कमी. काही लोकांना अजिबातच उपयोग होत नाही, कारण डोक्याच्या कातडीतलं एक एन्झाइम या औषधाला कामाच्या रूपात बदलतं आणि ते काहींच्यात कमीच असतं, त्यात त्यांचा काही दोष नाही. आणि बंद केलं की तीन-चार महिन्यांत, फार तर सहा, जे कमावलं ते जातं. लोक म्हणतात "सवय लागते", सवय नाही हो, चष्मा काढल्यावर अंधुक दिसतं त्याला आपण चष्म्याची सवय म्हणत नाही, नंबर होताच. तसं आहे हे. म्हणून वर्षानुवर्षं लावायची तयारी असेल तरच चालू करा, नसेल तर चालू न करणं हा पण अगदी चांगला निर्णय आहे. हल्ली डॉक्टर कमी डोसची गोळी पण देतात, रोज लावायची कटकट नाही, पण पाय सुजणं, धडधड, अंगावर केस, हे होऊ शकतं, हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी मित्राची गोळी बघून तर अजिबात घेऊ नये.

फिनास्टेराइडची गोष्ट मला फार आवडते. डॉमिनिकन रिपब्लिक नावाच्या बेटावरच्या देशात एका गावात अशी मुलं होती की जन्मतः मुली वाटायची आणि वयात आल्यावर मुलगे व्हायची. ज्युलियन इम्पेराटो मॅकगिन्ली या डॉक्टरबाईंनी त्यांचा अभ्यास केला, १९७४ मध्ये तो छापून आला. या लोकांच्यात टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी बनवणारं एन्झाइमच काम करत नव्हतं. मोठेपणी त्यांची प्रोस्टेट लहान राहायची आणि टक्कल पडायचं नाही. तेच एन्झाइम अडवणारी गोळी म्हणजे फिनास्टेराइड, प्रोस्टेटसाठी ५ मिलिग्रॅम १९९२ मध्ये आणि केसांसाठी १ मिलिग्रॅम १९९७ मध्ये आली. रक्तातलं डीएचटी साधारण ७० टक्क्यांनी कमी करते.

या गोळीच्या चाचण्यांतला एक आकडा मी सगळ्यांना सांगते. दोन वर्षांनी, औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी ७२ टक्के पुरुषांचे केस कमी झाले होते, खरी घेणाऱ्यांपैकी १७ टक्क्यांचे. म्हणजे हिचं मुख्य काम आहे ते टिकवणं. दोन वर्षांनी फोटो तसाच आला तर पोरं म्हणतात काहीच फरक नाही, अरे, हाच तर फरक आहे, औषध नसतं तर आज तो फोटो तसा नसता.

पण ही गोळी चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही आणि मी देत पण नाही. थोड्या लोकांना लैंगिक इच्छा कमी होणं, ताठरतेचा त्रास होतो, बहुतेकांचा बंद केल्यावर जातो, काही जणांनी बंद केल्यावरही राहिल्याचं सांगितलंय. मनावरही परिणाम होऊ शकतो, २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी आत्महत्येचे विचार हा या गोळीचा साइड इफेक्ट म्हणून मान्य केला. हे वाचून घाबरून जाऊ नका, लाखो लोक विनात्रास घेतात, पण आधीच डिप्रेशन असेल तर डॉक्टरला आवर्जून सांगा आणि घरात एका माणसाला तरी सांगून ठेवा की मी ही गोळी घेतोय, मन उदास वाटलं तर लक्ष दे. लपवून घेणाऱ्या पोरांची मला याच कारणाने काळजी वाटते. आणखी तीन गोष्टी. ही घेत असताना रक्तदान करायचं नाही, बंद करून महिना गेल्यावर करायचं. पन्नाशीनंतर प्रोस्टेटसाठीची पीएसए टेस्ट केली तर हिच्यामुळे आकडा निम्मा येतो, डॉक्टरला माहीत पाहिजे. आणि गरोदर बाईने तुटलेली गोळी हाताळायची नाही, पोटातल्या मुलग्याला धोका असतो. आजकाल मिनॉक्सिडिलमध्येच फिनास्टेराइड मिसळलेले स्प्रे ॲपवरून घरी येतात, लोकांना वाटतं नुसतं तेलासारखं वरून लावायचं, पण ते रक्तात जाऊ शकतं आणि बायकोच्या हाताला लागू शकतं, तिथेही हेच सगळे नियम.

याच्यापुढे क्लिनिकमधल्या गोष्टी. डर्मारोलर किंवा मायक्रोनीडलिंग म्हणजे बारीक सुयांचा रोलर डोक्याच्या कातडीवर फिरवणं, आणि त्याबद्दल एक अभिमानाची गोष्ट म्हणजे यावरचा जगभर सांगितला जाणारा सुरुवातीचा अभ्यास आपल्या मुंबईतला, सायन हॉस्पिटलच्या डॉ. रचिता धुरत आणि सहकाऱ्यांचा, २०१३ चा. १०० पुरुष घेतले, निम्म्यांना नुसतं मिनॉक्सिडिल, निम्म्यांना त्याबरोबर आठवड्यातून एकदा रोलर, १२ आठवड्यांनी रोलरवाल्यांच्यात स्पष्टपणे जास्त केस. पण त्यांनी ते दवाखान्यात केलं. घरी २०० रुपयांचा रोलर आणून भावाबहिणींत वापरणं, त्याच ओल्या जखमांवर लगेच औषध चोळणं, हे नका करू.

पीआरपी म्हणजे तुमचंच रक्त काढून, मशीनमध्ये फिरवून, प्लेटलेटवाला भाग डोक्यात टोचतात, जीएफसी त्याचंच पुढचं रूप. महिन्याच्या अंतराने तीन-चार सिटिंग, एकेक सिटिंग काही हजारांची. काही अभ्यासांत फायदा दिसतो, काहींत नाही, आणि प्रत्येक क्लिनिकची बनवायची पद्धत वेगळी. माझं मत विचाराल तर औषधाला जोड म्हणून ठीक, औषधाऐवजी नको, आणि कर्ज काढून तर मुळीच नको.

ट्रान्सप्लांटबद्दल जास्त बोलायला हवं कारण इथे लोक आयुष्याची जमापुंजी घालतात. तत्त्व सोपं आहे, डोक्याच्या मागच्या बाजूची मुळं डीएचटीला दाद देत नाहीत, ती उचलून पुढे लावली तरी त्यांचा स्वभाव तोच राहतो. पण एकही नवा केस तयार होत नाही, मागचा पुढे येतो एवढंच. मागची बाजू म्हणजे बँकेतली ठेव, एकदा काढली की परत भरत नाही. म्हणून २१ वर्षांच्या पोराला, ज्याचं टक्कल अजून कुठवर जाणार ते ठरलेलंच नाही, त्याला कपाळावर दाट रेघ लावून देणारा डॉक्टर त्याचं भलं करत नाहीये, काही वर्षांनी त्या रेघेमागचे स्वतःचे केस गेले की ती रेघ पुढे एकटीच राहते. त्यामुळेच ट्रान्सप्लांटनंतरही औषध चालू ठेवायला सांगतात, लावलेले केस टिकतात पण आजूबाजूचे जुने जातच राहतात.

आणि वेळ. लावलेले केस पहिल्या महिन्यात बहुतेक सगळे गळतात, मुळं राहतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून बारीक उगवतात, ९ ते १२ महिन्यांनी चेहरा बदललेला दिसतो, टाळूवर तर दीड वर्षही लागतं. आमच्याकडे फेब्रुवारीत मुलगे विचारत येतात, "मे मध्ये लग्न आहे, आता करून घेऊ का?" आता केलं तर मे मध्ये तू सगळ्यात वाईट दिसणार आहेस बाळा, हे मी त्याला समजावते. लग्नासाठीच हवं असेल तर चांगला हेअर पॅच किंवा केसांवर टाकायचे फायबर वापर, त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि हो, जिच्याशी लग्न करतोय तिला आधी सांग.

२०१९ मध्ये मुंबईत ट्रान्सप्लांटनंतर एका व्यावसायिकाचा मृत्यू झाला, एकाच वेळी ९ हजारांहून जास्त ग्राफ्ट (म्हणजे उचलून लावलेली मुळं) लावल्याचं तेव्हा पेपरात आलं होतं. ही सर्जरीच आहे, पार्लरचं काम नाही. २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने स्पष्ट सांगितलं की रीतसर शिकलेल्या डॉक्टरनेच हे करायचं, वर्कशॉप आणि यूट्यूब बघणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. म्हणून क्लिनिकच्या काउंटरवरच्या गोड बोलणाऱ्या मुलीला तीन प्रश्न विचारा, मुळं काढणार कोण आणि भोकं पाडणार कोण, डॉक्टर की टेक्निशियन. एका दिवसात किती ग्राफ्ट. आणि काही बिघडलं तर सांभाळायला तिथे कोण आणि काय आहे. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर ॲडव्हान्स न देता घरी या.

आणि तेल? मी खोबरेल तेलाच्या विरोधात नाही, मी स्वतः लावते. २००३ मध्ये इथल्याच संशोधकांनी दाखवलंय की खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रोटीनची झीज कमी करतं, म्हणजे केस तुटायचं प्रमाण कमी होतं. पण ते काम कातडीच्या वरच्या केसावर आहे, मुळावर नाही. माका, जास्वंद, कांद्याचा रस, लावा हवं तर, आवडत असेल तर, फक्त त्याच्या भरवशावर महिने घालवू नका. आपल्या औषध नियमांत शेड्यूल जे म्हणून एक यादी आहे, त्यात दिलेले आजार औषध बरं करतं असा दावाच करता येत नाही, आणि त्या यादीत टक्कल आहे. तरी जाहिराती बघा रोज किती येतात.

मला राग येतो तो फसवणुकीचा, पण त्याहून वाईट वाटतं ते आपल्या घरच्यांच्या बोलण्याचं. "केसच तर आहेत", "आमच्या वेळी असलं काही नव्हतं", "चार केस गेले तर काय बिघडलं". २२ वर्षांचा पोरगा टोपी घातल्याशिवाय कॉलेजला जात नाही, बाळंतीण बाई आरसा झाकून ठेवते, त्यांना बिघडलेलं असतं. औषध घ्यायचं की नाही हे त्यांनी ठरवावं, पण निदान त्यांचं दुःख खोटं आहे असं तरी नका म्हणू.

तर त्या बाटलीवाल्या पोराला मी काय सांगितलं ते लिहिते. त्याने डॉक्टरला दाखवलेलं नव्हतं, आधी स्किनच्या डॉक्टरचा पत्ता दिला. डॉक्टर भिंगाच्या मशीनने मुळं बघतील आणि सांगतील हा कुठला प्रकार आहे. मिनॉक्सिडिल चालूच ठेवायला सांगितलं त्यांनी, तर दर महिन्याच्या १ तारखेला, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, केस कोरडे असताना एक फोटो पुढून आणि एक टाळूचा, बहिणीला काढायला सांग म्हटलं. मधल्या दिवसांत आरशात भांग पाडून बघायचं नाही, केस मोजायचे नाहीत. बाटलीच्या खोक्यावर मी पेनाने सहा महिन्यांनंतरची तारीख लिहून दिली आणि म्हटलं, त्या दिवशी पहिला आणि सातवा फोटो शेजारी ठेवून दुकानात ये, मग ठरवू. परवा तो पॅरासिटामॉल न्यायला आला होता, विचारलं तर म्हणाला डॉक्टरांनी चालू ठेवायला सांगितलंय, दोन फोटो झालेत.